पटावरच्या दुपारी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की आहार, आरोग्य, मुलांचे संगोपन असे काही विषय ठरूनच गेलेले असतात. आपल्या चिटणीसबाईंनी मला विषयाची मोकळीक दिली, आणि मी "सारीपाट व बुद्धिबळ" असे कळविले, तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पोक्त बाईने व्यासपीठावर उभे राहून खेळांविषयी बोलावे, हे थोडे विचित्रच वाटते. परंतु ज्या खेळांत तास तास बसून डोके चालवावे लागे, ते बैठे खेळ आपल्या घरांतून कसे गेले आणि त्यांच्याबरोबर आणखी काय गेले, याचा विचार बायकांच्या मंडळाने नाही करायचा तर कोणी करायचा?

आपणही खेळ खेळतो. तंबोला खेळतो, संगीतखुर्ची खेळतो, पैठणीचा खेळ झाला की सभागृह दणाणून जाते. हसायला मिळते, ते हवेच. पण तंबोल्यात आकडा पुकारला की खोडायचा एवढेच आपले काम. समोरची काय करील, मग मी काय करावे, आणि मी तसे केले तर ती पुढे काय करील, असा विचार त्यात कोठेच नाही. हा विचार पटावर असे.

तरुण भगिनींसाठी थोडे वर्णन करते. सारीपाट म्हणजे कापडाचा, चार हातांचा पट. प्रत्येक हातावर तीन रांगा आणि प्रत्येक रांगेत 8 घरे. म्हणजे एका हातावर 24 आणि चारी हातांवर मिळून 96 घरे. चार रंगांच्या चार-चार अशा 16 सोंगट्या. फासे लांबट असत. फासे नसले तर कवड्या, आणि कवड्यांवर खेळले की त्याला पच्चिशी म्हणत. चौघी बसल्या तर समोरासमोरच्या दोघी एकमेकींच्या भिडू. दान पडते ते नशिबाने, हे खरे. पण पडलेले दान कोणत्या सोंगटीला द्यायचे, पुढचीला मारायचे की मागे राहिलेलीला सोबत द्यायची, आपली सोंगटी घरी न्यायची की भिडूची वाट मोकळी करायची, हे सारे ज्याच्या त्याच्या अकलेवर. म्हणून खराब दान पडूनही जिंकणाऱ्या बायका असत, आणि चांगल्या दानावर हरणाऱ्याही.

बुद्धिबळात तर नशिबाला जागाच नाही. आमच्या वाड्यात ते देशी रीतीने चाले. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके, राजाला किल्लेकोट नव्हता, आणि नुसत्या प्याद्याने मात केली तर तिचा मान सर्वांत मोठा. तिसरा खेळ वाघ-शेळीचा. त्याला पटही लागत नसे. फरशीवर कोळशाने रेघा ओढल्या की झाले. आमच्याकडे तीन वाघ आणि पंधरा शेळ्या असत. वाघ उडी मारून शेळी खातो. शेळीला खाण्याची शक्ती नाही, पण शेळ्यांनी एकमेकींच्या पाठीशी उभे राहून वाघाच्या सगळ्या वाटा अडवल्या की वाघ हरतो. महिला मंडळाच्या घटनेत वेगळे काय लिहिलेले असते?

या खेळांनी आपल्या बोलण्यात किती शब्द ठेवून दिले आहेत पाहा. शह देणे, मात करणे, डाव साधणे, कोंडी करणे, फासे उलटे पडणे. पट गुंडाळून माळ्यावर गेले, तरी शब्द अजून रोज आपल्या तोंडी आहेत.

आता कोणी म्हणेल, हे खेळ पुरुषांचे. ओसरीवर बसून तेच खेळत. त्यांनी एकदा आपल्या शहराजवळच्या वेरुळास जावे. तीसेक किलोमीटरचे अंतर. रावण की खाई म्हणतात ते 14 क्रमांकाचे लेणे, रामेश्वराचे 21 क्रमांकाचे आणि धुमार लेणे म्हणजे 29 क्रमांकाचे, या तिन्ही ठिकाणी शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. हे काम सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमाराचे. पार्वती डाव जिंकून उठायला निघाली आहे आणि महादेव तिला आणखी एका डावासाठी थांबवीत आहेत, असा अर्थ यांतील काही शिल्पांचा अभ्यासक लावतात. 14 क्रमांकाच्या लेण्यात तर खाली नंदी आणि त्याच्याभोवतीचे गणही आहेत. पुराणातल्या कथेत महादेव या खेळात अंगावरचे सर्व काही हरतात, रुसून रानात जातात आणि पार्वतीला भिल्लिणीचे रूप घेऊन त्यांना परत आणावे लागते. ज्या शिल्पकारांनी कैलास हलविणारा रावण कोरला, त्यांना नवऱ्यासमोर बरोबरीने बसून डाव जिंकणारी बायकोही कोरावीशी वाटली.

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे बलिप्रतिपदेला, द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे; त्या दिवशी पार्वतीने महादेवांना जिंकले अशी कथा आहे. आणि कोजागरीच्या व्रतात रात्री जागून फाशांचा खेळ खेळावा असे सांगितले आहे. आपण त्यातले दूध तेवढे ठेवले आणि पट सोडून दिला.

द्यूताची दुसरी बाजूही आहेच. तिचे चित्र अजिंठ्यात 2 क्रमांकाच्या लेण्यात सापडते. तेथे विधुरपंडित जातकाची कथा रंगविली आहे. राजा फाशांत हरतो आणि त्यापायी आपला शहाणा मंत्री विधुर त्याला गमवावा लागतो. द्रौपदीची गोष्ट तर मी सांगायलाच नको. पैसा, माणूस, मान, काहीही पणाला लागले की तो खेळ राहत नाही. आमच्या घरी पटावर चिंचोकासुद्धा पणाला लावीत नसत. म्हणून या खेळांना जुगार म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझे भांडण नाही. त्यांनी जुगार टाकावा आणि खेळ ठेवावा, एवढेच म्हणणे आहे.

आता थोडे घरचे सांगते, कारण त्यावाचून माझे म्हणणे पुरे होणार नाही. आमचा वाडा औरंगपुऱ्यात होता. माझ्या थोरल्या काकू फार लहान वयात विधवा झाल्या. हळदीकुंकवाला त्या कधी बाहेरच्या खोलीत आल्या नाहीत. लग्नमुंजींत त्यांची जागा मुदपाकखान्यात. शेतीचे, घराचे, मुलांच्या शिक्षणाचे काही ठरवायचे असले तर त्यांना कोणी विचारीत नसे, आणि न विचारण्यात आपले काही चुकते आहे असेही कोणाला वाटत नसे. मात्र दुपारी मागचे आवरले की त्या सोप्यावर पट अंथरीत, आणि मग घरातली सारी माणसे त्यांच्याभोवती गोळा होत. काकूंसारखे खेळणारे आमच्या वाड्यात दुसरे कोणी नव्हते. वडिलांचा आणि धाकट्या काकांचा बुद्धिबळाचा डाव अडला की ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणत, "वहिनी, जरा बघता का?" काकू हात पुसत येत, पटाकडे क्षणभर पाहत आणि म्हणत, "घोड्याकडे बघू नका, तो तुम्हाला भुलवायला उभा केला आहे. उंट बघा."

1948 च्या आधीचे दिवस त्या कधी कधी सांगत. निजामी राजवटीचे ते शेवटचे वर्ष. रझाकारांच्या भीतीने दिवेलागणीलाच वाड्याचा दिंडीदरवाजा बंद होई. बाहेर कोठे आवाज झाला की पोरे रडू लागत. तेव्हा काकू कंदील खाली ठेवून सारीपाट मांडीत आणि प्रत्येक मुलाला एकेक रंग वाटून देत. "आपली सोंगटी सांभाळायची असली की पोर बाहेरचा आवाज ऐकत नाही," असे त्या म्हणत. त्या सप्टेंबरच्या 17 तारखेला हैदराबाद संस्थान मुक्त झाले, त्या रात्रीही म्हणे पट मांडला होता. पण खेळाकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

पुढे पुढे एक नवल झाले. वडील पटावर बसले की घरच्या गोष्टीही काकूंना विचारू लागले. एरवी विचारण्याची रीत नव्हती, आणि पटावर मात्र बोलणे सहज निघे. "मुलीला कॉलेजात घालावे का?" हा माझ्याबद्दलचा प्रश्न वडिलांनी असाच, सोंगटी हातात घेऊन विचारला होता. काकूंनी पटावरची नजर न काढता उत्तर दिले, "प्याद्याला शेवटच्या घरापर्यंत जाऊ दिले तरच त्याचा वजीर होतो, भावजी." मी कॉलेजात गेले.

मैत्रिणींनो, म्हणून या दुपारांची आठवण आली की मला केवळ गोड वाटत नाही. जुने ते सारे सोने असे म्हणणारी मी नव्हे. त्याच वाड्यात सुनांना खेळायला बसण्याआधी चाळीस माणसांची भांडी हातावेगळी करावी लागत, आणि "पोरीची जात, किती वेळ बसतेस" हे वाक्य मीही पुष्कळ ऐकले. परंतु त्या साऱ्या घरात पट ही एकच जागा अशी होती की जिने काकूंना कुंकू विचारले नाही. तेथे वय नव्हते, मान नव्हता, सवाष्ण-विधवा नव्हते. तू विचार काय केलास, एवढेच पट विचारी. आमच्या घरातून पट गेला तेव्हा ती जागाही गेली.

आमच्या लहानपणी दिवाळीत मातीचे किल्ले करीत. आमचा किल्ला बहुधा देवगिरीच असे, कारण दौलताबाद जवळ आणि सगळ्यांच्या पाहण्यातला. खंदक, त्यावरचा एकच पूल, आतली अंधेरी. माती कालवायची, किल्ल्यावर मोहरी पेरायची ही मुलींची कामे. मावळे मांडायचे ते मुलांनी. एका वर्षी काकूंनी सांगितले, नुसते मांडून काय उपयोग? एकाने आतून लढावे, एकाने बाहेरून. मावळे कवड्यांच्या दानाप्रमाणे सरकवावे, आणि बाहेरच्याला आतले किती ते कळू देऊ नये. त्या वर्षी चार दिवस लढाई चालली आणि आतली बाजू मुलींनी सांभाळली.

हा पोरखेळ आठवायचे कारण असे की अगदी अशाच रीतीने बायकांनी खरी लढाई जिंकायला हातभार लावल्याचे मी पुढे वाचले. पटावर युद्ध मांडून अधिकाऱ्यांना शिकविण्याची रीत प्रशियाच्या सैन्यात 1824 पासून रुळली होती. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या इंग्लंडची मालवाहू जहाजे बुडवीत होत्या. 1942 च्या जानेवारीत लिव्हरपूलच्या डर्बी हाऊसमध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी एका खोलीत जमिनीवर मोठा पट मांडला. मदतीला नौदलाच्या स्त्रीदलातील तरुण मुली होत्या. फरशीवर खडूने रेघा ओढून त्या छोटी जहाजे सरकवीत. शिकायला आलेले अधिकारी पडद्याआड बसत आणि पडद्याच्या भोकातून समुद्रावर दिसेल तेवढेच पाहत. पाणबुडीची वाट अशा हिरव्या खडूने काढीत की ती पडद्याआडून दिसू नये. पाणबुडी ताफ्याच्या आतच शिरून मारा करते हे या खेळातून ध्यानी आले आणि तिला गाठण्याची नवी चाल बसविली गेली. तिला "रास्पबेरी" हे नाव जीन लेडलॉ या मुलीने सुचविले. युद्ध संपेपर्यंत सुमारे 5000 अधिकारी तेथे शिकून गेले. स्वतः पाणबुडीवर काम केलेले ॲडमिरल मॅक्स हॉर्टन एकदा तेथे खेळावयास बसले. समोर जॅनेट ओकेल ही तरुण मुलगी. तिने त्यांची पाणबुडी पाच वेळा बुडविली, असे सांगतात.

त्या मुलींपैकी कोणी समुद्रावर लढली नव्हती. त्यांच्याजवळ फरशी होती, खडू होता आणि विचार करायला दिलेला वेळ होता. फरशीवर रेघा ओढायला आपण काय कमी आहोत? रोज दारात रांगोळी काढतो. कमी पडतो तो वेळ, आणि तो कोणी देईल म्हणून वाट पाहून मिळत नाही.

आपल्या महाराष्ट्राचेच उदाहरण घ्या. स्त्रियांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा 1974 साली झाली आणि ती वासंती खाडिलकर यांनी जिंकली. नंतर त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी यांनीही हे अजिंक्यपद मिळविले. रोहिणीताईंनी तर पाच वेळा. 1976 साली रोहिणीताई पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळावयास उतरल्या तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. त्यावर मोठा गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांना असा निर्णय द्यावा लागला की राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. तेरा वर्षांच्या मराठी मुलीने पटाशी बसण्याचा हट्ट धरला, म्हणून साऱ्या जगातल्या मुलींची वाट मोकळी झाली. आणि 2025 च्या जुलैमध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुख हिने स्त्रियांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात समोर होती आपल्याच देशाची कोनेरू हंपी. त्या दिवशी पुष्कळ घरांत माळ्यावरचे पट खाली आले असतील. किती दिवस खाली राहिले, ते ज्याचे त्याने आठवावे.

कोणी म्हणेल, खेळ गेला कोठे? तो मोबाइलवर आहे. खरे आहे. आपली पच्चिशी इंग्रजांनी नेली, सोपी केली, 1896 साली "ल्युडो" म्हणून तिचे पेटंट घेतले, आणि 2020 च्या टाळेबंदीत तीच घरोघरी मोबाइलवर परत आली. मीही परदेशातल्या नातवंडांशी अशी खेळले आहे, आणि त्या दिवसांत तिचा फार आधार वाटला. पण मोबाइलवर समोरची दिसत नाही. सोंगटी मारल्यावर तिचा चेहरा कसा झाला, ते कळत नाही. हरताना चेहरा कसा ठेवावा आणि जिंकताना शब्द कसा ठेवावा, हे शिक्षण समोरासमोर बसल्यानेच मिळते. शिवाय मोबाइलवरचा खेळ एकटीने, कामांच्या मधल्या फटीत होतो. दोन तास माझे आहेत, आता मला कोणी हाक मारू नये, असे तो खेळताना कोणी घरात सांगत नाही. पट मांडणारी बाई ते न बोलता सांगत असे.

तेव्हा अध्यक्षबाई, माझी मंडळाला एक विनंती आहे. आपला वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम संक्रांतीचे हळदीकुंकू. त्या दिवशी सभागृह भरून जाते, आणि त्याच दिवशी आपल्या काही सभासद भगिनी घरी बसतात. त्यांना कोणी येऊ नका म्हटलेले नसते; त्या आपणहून येत नाहीत. का, ते आपल्याला ठाऊक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याचे आपण सर्वांनी कौतुक केले. गावाला जमते ते शहरातल्या मंडळाला जमू नये काय? हळदीकुंकवाला सर्वांना अगत्याने बोलवावे, हे तर झालेच पाहिजे. पण त्याबरोबर एक असा कार्यक्रम हवा की ज्यात येणारीला आपण कोण, असा प्रश्नच पडू नये.

म्हणून दर बुधवारी दुपारी 3 ते 5 मंडळाच्या हॉलमध्ये पट मांडावेत. सारीपाट, बुद्धिबळ आणि वाघ-शेळी. पैसा नको, बक्षीस नको, मोबाइल पिशवीत. सासू-सुना एकत्र आल्या तर त्यांना समोरासमोर नव्हे, भिडू म्हणून बसवावे. घरी त्याचा गुण येईल. शाळकरी मुलींना मुद्दाम आणावे आणि त्यांना जिंकायला लावण्यासाठी आपण हरू नये. त्यांना ते लगेच कळते. आरंभ येत्या कोजागरीला करावा, म्हणजे शास्त्रही पाळल्यासारखे होईल. चार सारीपाट शिवून देण्याचे काम मी घेते. सोंगट्या मिळेपर्यंत चार रंगांची बटणे चालतील, आणि कवड्या कोणाच्या ना कोणाच्या देवघरात निघतीलच.

पहिल्या दिवशी चौघीच आल्या तरी चालेल. सारीपाटाला चौघी पुरतात.